कावेरीबाईचा दुखरा हात आणि मिशीवाला रणगाडा

मित्रांनो, आधी शपथ घेतो, मग तोंड उघडतो. ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय! खोटं बोलीन तर माझी वायर उंदरांनी कुरतडून खावी, माझी बटणं कोंबड्यांनी दाणे समजून टिपावीत! ज्याला पटत न्हाई त्यानं आत्ताच उठावं, मागनं बोटं मोडत बसू नये.

मी एक जुना रिमोट हाय. टीव्ही चालू-बंद करायचा तो न्हवं, त्याची न् माझी बरोबरी करू नका. मी टीव्हीवरच्या गेमचा रिमोट. माझ्या डाव्या अंगाला चार दिशांची चार टोकं, उजव्या अंगाला दोन तांबडी बटणं. एक उडीचं, एक गोळीचं. गोळीचं बटण आता झिजून पार गुळगुळीत झालंय. ते कुणी झिजवलं, तेच तर सांगून राहिलो.

जन्म कुठल्या मुलखात झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलंय, पर आजवर ते वाचायला कुणाला सवड गावली न्हाई. एका खोक्यात मी आन माझा जुळा भाऊ, एकमेकाच्या वायरीत पाय अडकवून झोपलेलो. नांदेडच्या बाजारात एका दुकानात लई दिस पडून होतो. तिथनं देविदासनं आम्हाला उचललं. देविदास म्हणजे चाकूरजवळच्या एका गावचा शेती करणारा तरणा गडी. नांदेडला पाव्हण्याच्या लग्नाला आला होता, जाताना लहानपणची हौस म्हून आम्हाला घेऊन गेला.

गेम मोठी मजेची बगा. एक ठेंगणा शिपाई, दोघं खेळले तर दोन. डोक्यावर पातेल्यावाणी लोखंडी टोपी. तो डावीकडनं उजवीकडं पळतो, पळतो आन पळतच ऱ्हातो. समोरनं पत्र्याची माणसं येतात. त्यातली काही कणसं भाजत बसलेली असतात, शिपाई दिसला की कणसं टाकून बोंबलत सुटतात. गोळी लागली की त्यांची चड्डी गळून पडते. आन शिपायाला बाँब लागला तर त्याच्या बुडाला जाळ लागतो. दोन्ही हात मागं धरून तो आधी नाचतो, मग मरतो. सगळ्यात शेवटी येतो मिशीवाला रणगाडा. घराएवढा. तोफेच्या दोन्ही बाजूंना पिळदार मिशा. तो कुणाच्या बापाच्यानं मरत न्हाई.

देविदास थोडे दिस खेळला. मग रानातली कामं निघाली आन आम्ही दोघं भाऊ टीव्हीच्या मागं कोळ्याच्या जाळ्यात जाऊन पडलो. वाटलं, संपली जिंदगी.

तेवढ्यात उन्हाळ्यात देविदासची माय, कावेरीबाई, गोठ्यात पडली. देवणी गाईनं हिसका दिला, माय शेणावरनं घसरली आन उजवं मनगट मोडलं. लातूरला नेऊन प्लास्टर केलं. प्लास्टर निघालं तवा बोटं वाळल्या गवारीवाणी ताठ झालेली. डॉक्टर म्हणले, बोटं हलवत ऱ्हा, न्हाई तर अशीच बसतील. दाबायला रबराचा चेंडू दिला. कावेरीबाईनं तो पहिल्याच दिवशी कुत्र्याला फेकून मारला.

घरात नवी सून होती, पुनम. देवणी गावची लेक. गेल्या हिवाळ्यातच लग्न झालेलं. तिनं आम्हाला धुंडून काढलं, पदरानं पुसलं, मला सासूच्या हातात दिलं आन माझा भाऊ स्वतः घेतला.

"आत्याबाई, हे तांबडं दाबायचं. दाबलं की गोळी."

"अगं, ह्या वयात मला गोळ्या झाडायला लावतीस व्हय?"

"त्या पत्र्याच्या माणसाचं तोंड बगा तरी. सरजा मावशीवाणी हाय की न्हाई?"

सरजाबाई म्हणजे कावेरीबाईची शेजारीण आन जन्माची वैरीण. कावेरीबाईनं पडद्याकडं डोळे बारीक करून बगितलं. त्या दिवशी माझं बटण पहिल्यांदा खोल गेलं.

मित्रांनो, ते दिस सोन्याचे होते. दुपारच्याला सासू-सुना मांडीला मांडी लावून बसायच्या. शिपायाच्या बुडाला जाळ लागला की पुनम हसून हसून भिंतीला टेकायची. बोटं सुटाया लागली. आधी अंगठा सुटला, मग बाकीची. आन अंगठा सुटला तो असा की काय सांगावं! आमच्या गोळीबारानं सरजाबाईच्या कोंबड्या अंडी घालायचं सोडून अंगणात रांगेनं उभ्या ऱ्हायच्या. गोठ्यातला बैल दावं तोडून दारात पहाऱ्याला यायचा. एकदा तर माझी वायर ताकाच्या रवीला गुंडाळली गेली, आन मिशीवाल्याला हाणता हाणता खाली गाडगंभर लोणी निघालं. हसू नका. शपथ घेतलीय मी.

आता हितनं पुढं मात्र मान खाली घालून सांगायचं हाय.

हात बरा झाला. पार बरा झाला. पर कावेरीबाई ते कुणाला सांगंना. जलमभर तिनं चूल बगितली, गोठा बगितला, रान बगितलं. तिला तांब्याभर पाणी कुणी आणून दिलं न्हवतं. आता पुनम पाणी द्यायची, वेणी घालायची, दुधात भाकर कुस्करून द्यायची. चहा बशीत ओतून, फुंकर मारून, बशी सासूच्या व्हटाला लावायची. ते सुख कावेरीबाईला गोड लागलं. "अजून कळ निघती गं," म्हणायची आन उजवा हात मेल्या कबुतरावाणी मांडीवर टाकून बसायची.

पुनम समोर असली की मला एका बोटानं टुकटुक दाबायची. शिपाई पहिल्याच खड्ड्यात. "बग पोरी, बळच न्हाई." पुनम गाय घेऊन वैरणीला रानात गेली की मात्र दोन्ही हातांनी असा काही मारा सुरू व्हायचा, की पत्र्याच्या माणसांना चड्डी सावरायला फुरसत न्हाई. येताना गाईची घंटा वाजली की मी झटक्यात घोंगडीखाली.

पुनमला आता खेळाया सवड कुठली? धार, शेण, भाकरी, वैरण, परत भाकरी. माझा भाऊ कोनाड्यात पडला. आन मी? मला तोंड न्हाई हे खरं, पर असतं तरी मी बोललो न्हसतो. हात बरा हाय हे कळलं की कावेरीबाई चुलीकडं जाणार आन मी पुन्हा कोळ्याच्या जाळ्यात. म्हून मलाबी ते झूट गोडच लागत होतं. शरम वाटते सांगायला.

मग आली पंचमी. पुनमची लग्नानंतरची पहिली. पहिल्या पंचमीला नवी नवरी माहेरात पायजे, हे आपल्याकडं लेकराला ठावं असतं. देवणीला तिच्या मायनं लिंबाला झोका बांधला होता. थोरली बहीण अयोध्या लांब सुरतेला दिलेली, वर्सातनं एकदाच, पंचमीला येती. दोघींचं फोनवर ठरलं होतं, मेंदी एकमेकीच्या हातावर काढायची. पुनम भाकरी थापताना सुदिक गुणगुणाया लागली होती.

तिचा भाऊ रविकिरण मुराळी म्हून न्यायला आला. कावेरीबाईनं त्याला बसवलं आन सुरू केलं.

"घेऊन जा की पाव्हणं. लेकरू पहिल्या पंचमीला जाऊ न्हाई व्हय? माझं काय, थापीन एका हातानं भाकर. न्हाई जमली तर पीठ खाईन, वर पाणी पिईन. पाणी म्हणलं तर हा तांब्या बी उचलत न्हाई मला. ऱ्हाऊ द्या. तहान काय, मरती आपोआप."

"माय, असं कामून बोलती?" देविदास म्हणला.

"मी कुठं काय बोलून राहिले? जा म्हणून राहिले की!"

पुनम दारात उभी होती. ती म्हणली, "दादा, मी येत न्हाई. आत्याबाईला कुणी न्हाई बगायला. अयोध्याला सांग, पुढच्या साली."

आन चहा ठेवायला आत गेली. चुलीचा धूर न्हवता, गॅस होता, तरी डोळे पुसताना मी बगितली. देविदास बिस्किटं आणतो म्हून दुकानाकडं गेला. त्याला पाव्हण्यापुढं बसवंना.

रविकिरण बिचारा हिकडं तिकडं बगत बसला. त्याला मी दिसलो.

"मावशी, ही गेम? आम्ही लहानपणी लई खेळलो. तो मिशीवाला रणगाडा कधी मेला न्हाई आमच्याच्यानं."

त्यानं कोनाड्यातला माझा भाऊ उचलला. कावेरीबाईनं मला धरलं, एका बोटानं. टुक. टुक. रविकिरणचा शिपाई वाट मोकळी करत पुढं, तिचा त्याच्या मागं रखडत. त्याचा रणगाड्यापाशी पोचला आन बुडाला जाळ लावून नाचाया लागला.

"गेलं," तो हसला. "आता तुमचा एकटाच ऱ्हायला. ऱ्हाऊ द्या मावशी, ते तुमच्या हातानं व्हायचं काम न्हाई."

मित्रांनो, हे तो बोलला न्हसता तर पुढचं काही घडलंच न्हसतं.

"सरक," कावेरीबाई म्हणली.

उजवा हात मांडीवरनं उठला. अंगठा बटणावर बसला. मग जे झालं ते मी जलमात अनुभवलं न्हाई. उडी, गोळी, गोळी, गोळी! कावेरीबाई गुडघ्यावर आली. "धर! आन धर! मिशा पिळतोस व्हय रे, मुडद्या!" रणगाड्याची एक मिशी तुटून उडाली. मग दुसरी. मग तो लाजल्यावाणी तांबडा झाला आन फुटला. सगळा पडदा पांढराफेक. रविकिरण टाळ्या वाजवून ओरडला. कावेरीबाईनं दोन्ही हात वर केले, अंमळ उजवाच जास्ती. तिचा घसा सुकला होता. तिनं त्याच उजव्या हातानं भरलेला तांब्या उचलला, मान मागं टाकली आन वरनं गटागटा पाणी प्याली.

तांब्या खाली ठेवला तवा दारात पुनम दिसली. हातात चहाचा ट्रे.

किती येळ उभी होती कुणाला ठावं. रविकिरणच्या टाळ्या हवेतच ऱ्हायल्या. त्यानं तांब्याकडं बगितलं, मग कावेरीबाईच्या हाताकडं, मग आपल्या पायाकडं. कावेरीबाईनं उजवा हात हळूच मांडीवर टाकला. पर मेलेलं कबूतर एकदा उडाल्यावर पुन्हा मरत न्हाई.

भांडण झालं असतं तर बरं होतं. पुनम पुढं आली. भावाला कप दिला. मग सासूपुढं बसली. रोजच्यावाणी चहा बशीत ओतला. रोजच्यावाणी फुंकर मारली. आन बशी कावेरीबाईच्या व्हटाला लावली.

कावेरीबाईला तो घोट गिळंना. बशी व्हटाला, डोळे खाली, अन् चहा हनवटीवरनं लुगड्यावर सांडून राहिलेला. पुनमनं पदरानं तो पुसला. माझी वायर कावेरीबाईच्या बोटात होती. तिनं ती करकचून आवळली, आन मित्रांनो, ते दुखणं खोटं न्हवतं.

देविदास बिस्किटाचा पुडा घेऊन आला. "काय झालं? सगळे गप कामून?"

"काई न्हाई," पुनम म्हणली. "आत्याबाई जिंकल्या."

कावेरीबाई उठली. आत गेली. जरा वेळानं परातीचा आवाज आला. मग ठप, ठप, ठप. ती धपाटे थापून राहिली होती, उजव्या हातानं. पुनम आत गेली. "सोडा आत्याबाई, मी करते."

"सर बाजूला."

"अवं पर..."

"पिशवी भर तुझी. दुपारची गाडी गावली पायजे. अयोध्या वाट बगत असंल."

माफ कर म्हून काही ती बोलली न्हाई. आपल्या मुलखात सासूच्या तोंडाला तो शब्द सहजी येत न्हाई. तिनं धपाटे फडक्यात बांधले, वर दह्याचा डबा ठेवला. पुनम पाया पडाया वाकली तवा कावेरीबाईनं पाय मागं घेतले. आपल्या पायाला तिचा हात लागू नये असं तिला वाटलं असंल. उंबऱ्यापाशी पुनम मागं वळून हसली आन म्हणली, "आत्याबाई, पुढचा डाव मी आल्याबिगर खेळू नका."

त्या सांजेला गाईची धार कावेरीबाईनं काढली. सरजाबाई भिंतीवरनं डोकावली, "हात बरा झाला वाटतं?" एरवी हिनं तिला सात पिढ्या ऐकवल्या असत्या. आज नुसती म्हणली, "हाव. कवाच झाला."

पंचमी झाली, पुनम आली. मेंदी लई रंगली होती. तिनं घर सांभाळलं, सासूनं गोठा सांभाळला. सगळं सुरळीत हाय. चहा आता कपात येतो आन कावेरीबाईपुढं जमिनीवर ठेवला जातो. आम्हा दोघा भावांना फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलंय. कावेरीबाई झाडताना फळीखाली थांबते, वर बगते, पर हात लावत न्हाई.

म्हून मित्रांनो, हात जोडून सांगतो. रिमोटची वायर ओढू नका, पिठाचे हात लावू नका, खेळ झाला की दोन्ही रिमोट संगट ठेवा. आन दुखणं बरं झालं की त्याच दिवशी सांगून टाका. जो फुंकर मारून चहा पाजतो, त्याला तर सगळ्यात आधी.

आता जाता जाता एक कबूल करतो. कोंबड्यांचं खरं हाय, बैलाचं खरं हाय, लोण्याचं तर गाडगं दाखवतो. पर एक गोष्ट मी पदरची घातली. उंबऱ्यापाशी पुनम वळली न्हवती. हसली न्हवती, बोलली बी न्हवती. पिशवी उचलली आन भावामागं चालती झाली. ते बोलणं कावेरीबाई एकटीच धार काढताना गाईला सांगत असते, की पोरगी जाताना असं म्हणली. गोठा भिंतीपलीकडंच, रोज ऐकतो मी. तिच्यापुढं मला ते खोटं पाडवंना, म्हून तुमच्यापुढं बी खरं करून सांगितलं.