यादीतलं पहिलं नाव

"आपली ही जागा आली, की तुमची गेली, म्मे," तेफो आवाज खाली आणून म्हणाला.

आम्ही तिघं दुकानाच्या मागच्या भिंतीपाशी उभे होतो. पुढच्या अंगणात अख्खं गाव ब्लँकेटं पांघरून रेडिओभोवती बसलं होतं. देशभरातले निकाल लागून गेले होते, आमच्या मतदारसंघाची मोजणी तेवढी रेंगाळली होती. तेफो हा आमच्या पक्षाचा जिल्हा चिटणीस. आमच्याकडे मानाने बाईला म्मे आणि पुरुषाला न्ताते म्हणतात. काहीतरी चांगलं सांगायला आला असेल असं समजून माझी बायको माखोत्सो त्याच्यासाठी चहा घेऊन आली होती. कप तिच्या हातातच राहिला.

"गेली म्हणजे? यादीत पहिलं नाव माझंच आहे ना?"

"तुमचंच आहे. पण यादीतून मिळतात त्या भरपाईच्या जागा. देशभरातली आपली सगळी मतं धरली, तर एकशेवीसातल्या एकोणीस जागा आपल्या वाट्याच्या. मतदारसंघ जिंकून अठरा आल्यात. एक कमी पडतेय, ती यादीतून भरून देणार. पण हा मतदारसंघही आला तर एकोणीस पुरे झाले. मग भरपाई कसली?"

"आणि नाही आला तर?"

"तर तुम्ही बसणार पार्लमेंटात."

गावातल्या प्रत्येक लग्नाला आणि मयताला मोठ्या पातेल्यावर पळी घेऊन माखोत्सोच उभी असते. पुरुषांचा वाटा आधी गोठ्यावर जातो, बाकीच्यांना पातेल्यातून; वाटणीचा विचार ती तिथूनच करते.

"म्हणजे," ती म्हणाली, "ज्यांनी गोठ्यावर मटण खाल्लं, त्यांना पातेल्यातलं नाही."

"अगदी तसंच, म्मे."

"मग हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?" मी विचारलं.

"न्ताते, मागच्या वेळी आपण जेमतेम तीन मतदारसंघ जिंकलो. यादीतून पाच जण गेले. यंदा एवढी लाट येईल हे कुणाला ठाऊक होतं?"

लाट म्हणे! लाट आपोआप येते असं चिटणीस लोकांना वाटतं. आमच्या भागातली लाट माझ्या घोडीच्या पाठीवरून आली होती, आणि लगाम माझ्या बायकोच्या हातात होता.

खरं तर या मतदारसंघातून तीच उभी राहणार होती. शाळेच्या आवारात पक्षाची सभा भरली, तेव्हा बायका आणि म्हातारी माणसं सगळी तिच्या बाजूने हात वर करायला बसली होती. दुसरा इच्छुक फाकिसी. राजधानीत, मासेरूत, त्याचा सिमेंटचा धंदा, गावात तोंड दिसतं ते नाताळात. सभेआधी तो आम्हा दोघांना बाजूला घेऊन गेला. "म्मे, इथे आपण कधी जिंकलोय का? मी तर पडायलाच उभा राहतोय. तुम्ही कशाला उन्हातान्हात फिरता? यादीत एक बाई, एक पुरुष अशी नावं घालावी लागतात. पहिलं नाव तुमचं घालायला लावतो. अंथरलेल्या बिछान्यावर नुसतं आडवं व्हायचं!" आम्हाला ते पटलं. मागच्या वेळी यादीत पहिली असलेली मास्तरीण पाच वर्षं संसदेत बसून आलीच होती की.

बिछान्यावर आडवी होणारी बाई असती, तर गोष्ट वेगळी होती. ही गावोगाव हिंडायला लागली.

"पडायलाच उभ्या राहिलेल्या माणसासाठी एवढी का मरतेस?" मी म्हणायचो.

"मतपत्रिका एकच आहे, खोत्सोचे बाबा. त्याला पडलेलं मत पक्षाचं, आणि पक्षाचं ते माझं."

तिचं म्हणणं चूक नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं तेफो आज दुकानामागे घेऊन आला होता.

तिला संसदेत जायचं होतं ते एका पुलासाठी. नदीपलीकडे डोंगरावर थाबेंग वस्ती आहे. दवाखाना अलीकडे, शाळा अलीकडे, आणि मध्ये पाणी. माझी बायको शिवणकाम करते. मशीन चालवता चालवता ती भाषणाची तयारी करायची. "अध्यक्ष महोदय, आमच्याकडे एक नदी आहे," इथून सुरुवात. ऐकायला मी आणि दारातल्या कोंबड्या. शपथेच्या दिवसासाठी तिने तपकिरी सेश्वेश्वेचा, म्हणजे आमच्याकडच्या छापील सुती कापडाचा, पोशाख शिवून ठेवला होता, गळ्याला पांढरी पट्टी लावून. घडी मोडू नये म्हणून तो जुन्या चादरीत गुंडाळून टांगलेला असायचा.

मतदानाच्या दिवशी नदीचं पाणी हाडं गोठवत होतं. वेल्कमच्या खाणीतले माझे जुने गमबूट घालून ती पाण्यात उतरली, आणि थाबेंगच्या म्हाताऱ्यांना एकेक करून आमच्या घोडीवरून अलीकडे आणत राहिली. सगळ्यात शेवटी सगळ्यांची आजी, न्खोनो मात्लाली. म्हातारीला डोळ्यांनी धड दिसत नाही, पण जीभ शाबूत आहे.

"शिडीचं चिन्ह फाकिसीचं ना गं?" तिने घोडीवरून विचारलं. "मग तुझं कुठलं?"

"शिडीच, न्खोनो."

"दोघं एका शिडीवर कसे चढणार?"

"तू खूण कर. चढायचं आम्ही बघतो."

"मी तुझ्यासाठी करणार हं. त्या सिमेंटवाल्यासाठी नाही."

आणि आता रेडिओवर आमच्या मतदारसंघाचं नाव आलं. अंगण चिडीचूप झालं. मी भिंतीला टेकून डोळे मिटले आणि देवाला म्हणालो, पाड त्याला. आजवर मी बऱ्याच माणसांचं वाईट चिंतलंय, पण स्वतःच्या पक्षाचं चिंतायची ही पहिलीच वेळ. माखोत्सो माझ्याकडे बघत होती. माझ्या मनातलं तिला कळलं होतं, आणि ते तिला आवडलं नव्हतं.

फाकिसी जिंकला. फरक एवढा थोडा, की तिने नदीपलीकडून आणलेली म्हातारी माणसं त्याहून जास्त भरतील. अंगण उसळलं. बायकांनी माखोत्सोच्या नावाने हाका मारल्या, कारण आनंदाची आरोळी ठोकायचा मान नेहमी तिचाच. तिने कप भिंतीशी खाली ठेवला, अंगणाच्या कोपऱ्यावर आली आणि तोंडाशी हात नेऊन लांब आरोळी दिली. तेफो बुटांकडे बघत राहिला.

घरी आल्यावर मी भडकलो. "म्हाताऱ्यांना त्यांच्या घरी बसू द्यायचं होतंस! आज तू निवडून आली असतीस!"

"आणि मग पूल कोणासाठी मागितला असता?" ती म्हणाली. "मत द्यायला ज्यांना नदी ओलांडू दिली नाही, त्यांच्यासाठी?"

ते ऐकून माझा राग आणखीच वाढला. मी बाहेर जाऊन घोडीला चारा टाकला. राग कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. कोणी चोरी केली नव्हती, मोजणीत काही खोट नव्हती. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं, आणि तरी माझ्या बायकोला लुबाडलं होतं.

त्या रविवारी फाकिसीने विजयाचं जेवण घातलं. बैल कापला. डोकं रीतीप्रमाणे गोठ्यावर पुरुषांकडे गेलं, बाकीचं पातेल्यात, शेजारी पापाचं, म्हणजे मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाचं, दुसरं पातेलं. माखोत्सो तयार होऊन बाहेर आली तेव्हा मी बघतच राहिलो. तिने चादरीतला तपकिरी पोशाख घातला होता.

"हा आज?"

"मग कधी घालू?"

ती जाऊन पहिल्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. फाकिसीने लांबलचक भाषण केलं. "हा विजय म्मे माखोत्सोंचा आहे! संसदेतली जागा जितकी माझी, तितकीच त्यांची!" टाळ्या पडल्या. एका खुर्चीवर बूड एकाचंच मावतं, असं मी मोठ्याने म्हणालो. बाजूचा माणूस हसला, म्हणजे ऐकू गेलं असावं.

मग पातेल्यांकडून ताईला माराव्यात तशा हाका आल्या. "आउसी माखोत्सो! ये गं, पळी घे! पापा थंड होतोय!"

माखोत्सो उठली नाही. हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली. बायकांनी पुन्हा हाक मारली, मग एकमेकींकडे बघितलं. आजवर वाढायला कोणी सुरुवात करायची हा प्रश्नच कधी पडला नव्हता. फाकिसी रिकामी ताटली घेऊन अवघडून उभा राहिला.

तेवढ्यात न्खोनो मात्लाली काठी टेकत आली आणि चाचपडत माखोत्सोचा खांदा धरला. "खूण बरोबर लागली ना गं माझी?"

"बरोबर लागली, न्खोनो."

"मग आता तू जाशील. पुलाचं बोलशील."

माखोत्सो उठली. पातेल्यापाशी गेली, पळी घेतली, पापा वाढला, मांसाचा चांगला तुकडा शोधून वर ठेवला. फाकिसीने हात पुढे केला. ती त्याच्या शेजारून पुढे निघून आली आणि ताट म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीचं खाऊन होईपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिली.

मग ती फाकिसीला म्हणाली, "चला न्ताते, न्खोनोला सोडायचंय."

"गाडी काढायला सांगतो."

"गाडी तिथवर जात नाही."

सगळ्यांच्या देखत नाही म्हणायची सोय नव्हती. तो मागोमाग आला, आणि त्याच्या मागे निम्मं गाव. मी म्हातारीला घोडीवर बसवलं. माखोत्सोने माझे गमबूट चढवले, शपथेचा पोशाख गुडघ्यांपर्यंत खोचला आणि लगाम धरून पाण्यात उतरली. फाकिसी काठावरच थांबला. त्याचे बूट नुकते पॉलिश केलेले होते.

नदीच्या मध्यावर ती थांबली आणि फाकिसीकडे वळली. पाणी खोचलेल्या पोशाखाला लागत होतं.

"इथे हवाय," ती म्हणाली.

मग तिने घोडीला टिचकारलं आणि पुढे निघाली.