जुन्या मापाची पिशवी

ऑपरेशनला दोन महिने होऊन गेले, तरी पोटावरची शौचाची पिशवी आज तिसऱ्यांदा गळली. शिलाई मशीनवर बसवेना, उभं राहवेना, कातडीची नुसती आग आग. "जुन्या मापावर कपडे शिवून मिळणार नाहीत" या माझ्या पाटीखालून तसाच उठलो आणि तडक दवाखान्यात जाऊन नर्सबाईंना गाठलं.

"तुमचा मालच भिकार!" मी खेकसलो.

त्यांनी पिशवी काढून पाहिलं. "सूज उतरून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड लहान झालंय. पिशवीला भोक केवढं कापता?"

"ऑपरेशननंतर तुम्ही सांगितलंत तेवढंच. सुताइतकाही फरक नाही!"

"आणि त्यानंतर परत माप कधी घेतलंत?"

गळ्यात लटकणारा टेप मी गुपचूप काढून खिशात कोंबला.