पाहुणीचं पोट

दाराला किल्ली लावली, पण फिरवली नाही. आधी वास घेतला. हल्ली ही माझी सवयच झाली आहे. फटीतून फिनेलचा वास आला की समजायचं, आज पुन्हा झालं.

वास येत होता.

"आलास का?" बाबा आतून म्हणाले. "दोनदा ओकली. ते मी पुसलं. पण मोरीपाशी जे केलंय, ते तसंच ठेवलंय. म्हटलं, तुला दाखवावं."

मोरीपाशी पातळ, लालसर थारोळं होतं. पाहुणी बाबांच्या खुर्चीखाली पडली होती. मला बघून तिने शेपूट एकदा हलवली, तीसुद्धा भिडेखातर.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. खाली काळोखी विहीर असते आणि मी लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करतो. तिथे मला कधी भीती वाटत नाही, स्वतःच्या घराच्या दाराशी मात्र वाटते. कुत्रीच्या पोटाला घाबरतो म्हणून सांगितलं तर लोक हसतील. हसोत बापडे.

त्यांना काय माहीत? आई गेली आणि बाबांनी तोंड मिटलं. हो आणि नाही, एवढंच बोलायचे. ताट पुढे ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे घरी यायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा. अशात एका नव्या इमारतीत, लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात ही सापडली, नुसता हाडांचा सापळा. दोन दिवस ठेवू, मग कुणाला तरी देऊन टाकू, अशा बोलीवर आणली, म्हणून नाव पाहुणी. एकदा मी आंघोळीला गेलो असताना बाहेर बोलणं ऐकू आलं. वाटलं, कुणी आलंय. कान दिला तर बाबा तिला रागावत होते, "चप्पल खातात का गं बये?" मी नळ सोडून ठेवला आणि आत उभा राहून रडलो.

आता सांगा, तिचं काही बरंवाईट झालं तर काय? बाबांचं तोंड परत मिटेल, आणि या खेपेला ते उघडणार नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला सलाईन लावलं. पाहुणी निमूट पडून राहिली.

"काय खाल्लं हिने?"

"काहीच नाही डॉक्टर. सकाळपासून उपाशी आहे."

"घरात कुणी चोरून काही चारतं?"

"छे. बाबांना सांगून ठेवलंय, तुमच्या भात-चिकनशिवाय काही खायला द्यायचं नाही. ते शब्दाचे पक्के आहेत."

"मग नीट शोधा," त्या म्हणाल्या. "दर वेळी मी हिला उभी करीन असं धरून चालू नका. किती सोसणार ते आतडं?"

शोधत तर होतोच. आमच्या धंद्यात बिघाड सापडेना की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम उचकटलं तर दोष कुठे होता ते कळत नाही. मी भाताचा तांदूळ बदलला. मग भांडं बदललं. मग पाणी उकळून द्यायला लागलो. चार दिवस बरे जायचे, मी जरा सैलावायचो, आणि पुन्हा दारात तोच वास.

पाहुणी दवाखान्यातून घरी आल्यावर दोन दिवसांनी दुपारी एका इमारतीच्या गच्चीवरून घरी फोन लावला. रोजचाच प्रश्न विचारला, "बाबा, खाल्लं का तिने?"

"नाही रे. भाताला तोंड लावत नाही."

ऊन मी म्हणत होतं, म्हणून सहज विचारलं, "पिते तरी आहे का?"

"पिते की. पेलाभर प्यायली. माझ्या हातून तेवढं घेते बिचारी."

"पाणी ना?"

"पाण्याने काय अंग धरणार आहे? दूध दिलं. ती जेवली नाही की मी देतो. दुसरं काही खायला देत नाही हो, तू सांगितलंयस तसं."

दूध प्यायचं असतं, ते खाण्यात कुठे येतं? आमच्या घरात ते कधीच कुणी खाण्यात धरलं नव्हतं. मीसुद्धा धरलं नसतं. डॉक्टरांना फोन केला. "बऱ्याच कुत्र्यांना ते पचत नाही," म्हणाल्या. "बंद करा आणि बघा." म्हणजे ती एखाद्या दिवशी जेवायची नाही, की बाबा मायेने दूध द्यायचे, की ती आजारी पडायची आणि आणखीच जेवायची नाही. आता हे त्यांना सांगायचं कोणी? तुमच्याच हाताने तिचा जीव जात होता, हे कोणत्या तोंडाने सांगू?

वाटभर वाक्यं जुळवत घरी आलो.

"बाबा, कारण सापडलं. चूक माझी होती. मी येताना खिशातून बिस्किटं आणायचो, तुम्हाला न सांगता तिला द्यायचो. ती बाधत होती. आता आतडं सुजलंय, म्हणून भात, चिकन आणि पाणी. दूधसुद्धा द्यायचं नाही."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग भडकले. "अक्कल गहाण ठेवलीस का? एवढा घोडा झालास, मुक्या जिवाशी असं वागतात?" शाळा सुटल्यापासून इतकी बोलणी खाल्ली नव्हती. मान खाली घालून ऐकली, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून पहारा बसला. कामावरून आलो की बाबा दारात उभे. "हात दाखव." मी वंगणाचे हात पुढे करायचो. ते तळवे बघायचे, खिसे चाचपायचे, मगच मला पाहुणीजवळ जाऊ द्यायचे. पाहुणीने अंग धरलं. फिनेलचा वास गेला, पण दाराशी थबकायची माझी सवय काही गेली नाही.

काल तसाच थबकलो, मग आत गेलो. बाबा उभे होते, पण हात दाखव म्हणाले नाहीत. मीच पुढे केले.

"बिस्किट तुला लहानपणापासून आवडत नाही," ते म्हणाले. "तुझ्या खिशात कुठून येणार?"

आता हे परत गप्प होतात की काय, एवढंच डोक्यात आलं.

त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"माझेही बघत जा रोज," ते म्हणाले.

मी ते हातात घेतले, उलटसुलट करून नीट पाहिले.

"स्वच्छ आहेत, बाबा," मी म्हणालो.