मास्तरांना न जमलेलं गाणं

मास्तरांनी रेकॉर्डवरची सुई उचलली.

दुसरं गाणं निम्म्यावर आलं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत अकरा माणसं बसली होती. कुणी स्टुलावर, कुणी उपड्या खोक्यावर, आणि दातांच्या डॉक्टरीणबाई नेहमीप्रमाणे खिडकीच्या कट्ट्यावर. गाणं चालू असताना बोलायचं नाही आणि सुईला हात लावायचा नाही, असा बुवांच्या या चाहते मंडळाचा नियम होता. बत्तीस वर्षांपूर्वी तो मास्तरांनीच घातला होता. आज मोडलाही त्यांनीच.

"यंत्र हळू फिरतंय," ते म्हणाले.

"यंत्राला काही झालेलं नाही," मिस्त्री म्हणाला. वाद्यदुरुस्तीचं हे दुकान त्याचं होतं, यंत्रही त्याचं. "परवाच पट्टा बदललाय."

"मग चुकीचा बदललास. हा बुवांचा वेग आहे का? अरे, या वेगाने बुवा गिटार पुसतात!"

खोलीत हशा पिकला, पण लगेच विरला. कारण बाकीच्यांनाही तेच वाटत होतं, फक्त बोलायचा धीर झाला नव्हता.

बुवा हे नाव मंडळातल्या बसच्या ड्रायव्हरने ठेवलेलं. खांद्यावर रुळणारे केस, मिटलेले डोळे आणि समोर दहा हजार माणसं ओरडत असताना चेहऱ्यावर समाधी. मग दुसरं काय म्हणायचं, असं त्याचं म्हणणं. बुवांची बोटं गिटारीवर पळायची तेव्हा ती मोजता यायची नाहीत. फक्त मास्तर मोजायचे. शाळेत गणित शिकवून घरी आले की ते रेकॉर्ड लावायचे आणि एकेक सूर कानाने टिपून वहीत उतरवायचे. सतरा वह्या झाल्या होत्या. बुवांचा बँड मोडून नऊ वर्षं झाली, तरी कुठल्या गाण्यात कुठला सूर यावरून वाद झाला की निकाल मास्तरांच्या वहीतूनच लागायचा. आज बुवांचा नवा अल्बम आला होता. एकट्याचा, पहिलाच, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. मास्तर अठरावी वही घेऊन आले होते आणि तिचं पहिलं पान अजून कोरं होतं.

मिस्त्रीने वाद घातला नाही. त्याने तबकडीच्या कडेला कागदाचा एक कपटा चिकटवला, यंत्र सुरू केलं आणि ड्रायव्हरला घड्याळ धरायला सांगितलं. मिनिटाला तेहतीस फेऱ्या आणि वर थोडं, हे सगळ्यांनाच पाठ होतं. कपटा समोरून जाईल तसे सगळे मोठ्याने मोजू लागले. वीसनंतर आवाज चढले. तिशीला डॉक्टरीणबाई कट्ट्यावरून उतरून जवळ आल्या.

"तेहतीस!" सगळे एकदम म्हणाले, आणि कपटा पुढच्या फेरीला लागला तोच ड्रायव्हरने हात वर केला.

"मिनिट झालं. गाडी वेळेवर आहे, मास्तर."

कुणी हसलं नाही. यंत्र बरोबर होतं, म्हणजे बुवाच हळू वाजवत होते.

"वय," टपाल खात्यातला एक जण पुटपुटला. "शेवटी कुणाला चुकलंय."

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. "वय झालं की माणसाने घरी बसावं. आपल्या हाताने आपलं नाव पुसू नये."

मिस्त्रीच्या ओठांवर शब्द आले. तो टेबलाकडे वळला आणि एका सतारीच्या भोपळ्यावरची धूळ, जी नव्हतीच, ती पुसू लागला.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी बुवा गिटार घेऊन याच खोलीत आले होते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, मिटून बसली होती. मानेतली कुठलीशी नस दबली होती. शस्त्रक्रिया झाली, बोटं उघडली नाहीत. बुवांनी गिटार उलटी करून, मान दुसऱ्या बाजूला वळवून, मांडीवर घेतली. आता तारा दाबायच्या उजव्या हाताने आणि छेडायच्या डाव्याने. "चौसष्टाव्या वर्षी पुन्हा बाराखडी," असं म्हणून ते हसले. मिस्त्रीने तारांचा क्रम उलटून देतो म्हटलं. डावखुरी माणसं तसंच करून घेतात, नाहीतर जाड तार खाली आणि बारीक तार वर, सगळाच उफराटा कारभार होतो. पण बुवांनी गिटार छातीशी धरली.

"तारा आहेत तशाच राहू देत रे. बोटं परत आली तर?"

बोटं परत आली नाहीत. आणि तोवर उजव्या हाताला ती उफराटी वाट पाठ होऊन गेली होती.

गेल्या आठवड्यात बुवा स्वतः रेकॉर्ड घेऊन आले. "मंडळाला ऐकव. हाताचं मात्र बोलायचं नाही."

"का, दादा? सांगितलं तर लोक उलट—"

"सांगितलंस तर टाळ्या हाताला पडतील. मला त्या गाण्याला हव्यात." मग जरा थांबून ते म्हणाले, "कार्यक्रमाचं सभागृहवाल्यांना सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मंचावर बसलो की हात काही लपत नाही. त्याआधी नुसत्या कानांनी कुणीतरी पास करायला हवं. तुमच्या मंडळाने केलं तर वाजवीन. नाहीतर रेकॉर्ड निघाली, तेवढं पुरे."

"मंडळात मास्तर आहेत, दादा."

"म्हणून तर."

आज रविवार होता.

"मी काय म्हणतो," ड्रायव्हर म्हणाला, "आपण ऐकलं कुठे अजून? आपण जुन्या बुवांची वाट बघत बसलोय. दीड गाण्यात माणसाला खाली उतरवायचं का? पहिल्यापासून लावा. आणि मास्तर, ती वही मिटा आधी. तपासनीस बसमध्ये चढला की प्रवासी पण घाबरतात."

मास्तरांनी वही मिटली नाही, पण मांडीवरून काढून खाली ठेवली. मिस्त्रीने सुई पुन्हा कडेला टेकवली. त्याचा हात इतका जपून हलला की डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे एकदा निरखून पाहिलं.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. मास्तरांनी जिथे सुई उचलली होती ती जागा येऊन गेली. तिसऱ्या गाण्यात टपालातल्याचा पाय कधी ठेका धरू लागला, ते त्यालाही कळलं नाही.

चौथ्या गाण्यात एकटी गिटार होती. एक सूर यायचा आणि थांबायचा. आता पुढचा येत नाही असं वाटायला लागलं की तो यायचा, आणि याच जागी यायला हवा होता हे आल्यावर कळायचं. मध्येच सगळ्या तारा एका फटक्यात वाजायच्या, पण नेहमीसारख्या नाही. आधी बारीक तार यायची, मग तिच्यामागून जाड तारा. दारातून आधी लहान मूल धावत आत यावं आणि मागून एकेक करत घरची मोठी माणसं यावीत, तशा. शेवटच्या सुरानंतर तबकडीची खरखर ऐकू येत राहिली, तरी कुणी हललं नाही.

"परत लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मिस्त्रीने परत लावलं. ते संपल्यावर कुणी काही सांगायच्या आत त्याने तिसऱ्यांदा लावलं.

"भरलेली गाडी उतारावरून हळू आणायला काय ताकद लागते, ते मला विचारा," ड्रायव्हर म्हणाला. "पळवायला काय, कुणीही पळवतो." आणि मग त्याने टाळ्या वाजवल्या. रेकॉर्डला टाळ्या म्हणजे शुद्ध वेडेपणा, पण टपालातल्यानेही वाजवल्या. पाठोपाठ सगळी खोली वाजवू लागली. एक जण खोक्यावर उभा राहिला आणि खोकं फुटलं. डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मेल्यांनो, गाणं तरी संपू द्या!"

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते उठले आणि त्यांनी भिंतीवरची एक गिटार काढली. हेही नेहमीचंच होतं. नवी रेकॉर्ड ऐकली की मास्तरांनी त्यातली अवघड जागा वाजवून दाखवायची आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. त्यांनी सूर शोधले. सापडायला वेळ लागला नाही, चार-पाच तर होते. त्यांनी ते वाजवले.

"हे नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"सूर हेच आहेत."

"असतील. पण हे ते नाही."

मास्तरांनी पुन्हा वाजवलं. मग खालून वर उलटा फटका मारून पाहिला. आता बारीक तार आधी आली खरी, पण फटक्यात वजन राहिलं नाही. बुवांची पळती बोटं सतरा वह्यांत पकडणाऱ्या माणसाला पाच संथ सूर पकडता येत नव्हते.

"मास्तर नापास!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि खोलीत जो आनंद उसळला त्याला तोड नव्हती. "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा! लिहा हो तारीख!" "बुवांनी मास्तरांना बाकावर उभं केलं!" ड्रायव्हर तर टपालातल्याला मिठी मारून नाचायलाच लागला. पराभव मास्तरांचा होता, आणि मास्तर धरून सगळ्यांना जिंकल्यासारखं वाटत होतं.

त्या गोंधळात मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर पाठ करून बसले. मिस्त्री तिथून दोन हातांवर उभा होता. त्याला दिसलं, मास्तर थोडा वेळ नुसते तारांकडे बघत राहिले. मग त्यांनी गिटार सावकाश फिरवून दुसऱ्या मांडीवर घेतली. उजव्या हाताची अडाणी बोटं कशीबशी तारांवर दाबली आणि डाव्या हाताचा अंगठा वरून खाली सोडला. फटका फार बेंगरूळ होता, एक तार तर मुकीच राहिली. पण आधी बारीक तार आली आणि मागून, पूर्ण वजनानिशी, जाड तारा आल्या.

मास्तरांनी मान वर केली आणि मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने नजर खाली घातली. लपवायला त्याच्याकडे दुसरी जागा नव्हती.

मास्तर आपल्या डाव्या हाताची बोटं उघडमीट करत बराच वेळ बसले. मग उठून त्यांनी गिटार भिंतीवर टांगली.

"नाही जमत," ते मोठ्याने म्हणाले. "आपल्या आवाक्यातलं नाही हे."

पुन्हा जल्लोष झाला. बुवा आता मंचावर यायलाच हवेत, असं सगळ्यांचं ठरलं. जसं काही बुवांना विचारायची गरजच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून औषधांच्या चिठ्ठ्यांची वही काढली आणि मागच्या पानावर नावं लिहायला घेतली. "अकरा खुर्च्या. नेहमीसारख्या उजवीकडच्या, पुढून दुसरी रांग."

उजवीकडच्या खुर्च्यांवरून गिटारीची मान समोर येते आणि तारा दाबणारी बोटं दिसतात. मंडळ जन्मल्यापासून दुसरीकडे कधी बसलंच नव्हतं.

"डावीकडच्या लिहा," मास्तर म्हणाले.

"डावीकडून काय दिसतं? बुवांचं कोपर?" ड्रायव्हर म्हणाला. "नापास झाल्याचा इतका राग?"

"डावीकडच्या लिहा म्हणतो ना."

"अहो, पण कारण?"

"कारण मी सांगतो म्हणून. बत्तीस वर्षं माझं ऐकलंत, आज एकदा ऐका. बाई, लिहा."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं, मग 'उजवीकडच्या' खोडून 'डावीकडच्या' लिहिलं. ड्रायव्हरने खांदे उडवले. "लिहा बाई. कोपर तर कोपर. बुवांचंच आहे ना?"

सगळे गेल्यावर मिस्त्री दुकानाच्या पायरीवर बसला. समोरच्या फुटपाथवर ऊन होतं आणि ड्रायव्हर टपालातल्याला ते पाच सूर तोंडाने म्हणून दाखवत वळणापर्यंत गेला. मास्तर त्यांच्या मागून एकटेच चालले होते. मिस्त्रीने फोन लावला. पलीकडे तो पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"काय म्हणाले?" बुवांनी विचारलं.

"आधी भांडले. यंत्र हळू फिरतंय म्हणाले."

"बरं. मग?"

"मग चौथं गाणं चार वेळा ऐकलं—नाही, तीन वेळा. एक खोकं मोडलं."

"आणि मास्तर?"

"मास्तरांना वाजवता आलं नाही."

पलीकडे कुणी श्वास घेतल्याचा आवाज आला.

"दादा, ते डावीकडच्या खुर्च्या मागताहेत."

बुवा हळू आवाजात म्हणाले, "तू सांगितलंस."

"शपथेवर सांगतो, एक अक्षर बोललो नाही. तुमच्या गाण्यानेच सांगितलं."

"किती जणांना कळलं?"

"एकाला," मिस्त्री म्हणाला. "खुर्च्या मात्र अकरा लिहिल्यात."



"ठेव फोन," बुवा म्हणाले. "मला सरावाला बसायचंय."