तेलातल्या दोन पट्ट्या

कल्पेशचे हातमोजे त्याच्या बुटांसोबत एका पिशवीत घरी आले. उजव्या मोज्याचा अंगठा मुळापाशी फाटला होता. विजेच्या खांबावर त्या फटीतून मृत्यू आत शिरला, एवढेच सर्वांना कळले. त्याच्या बायकोला, क्षितिजाला, बोट लावताच अधिक कळले. सातिवलीच्या कारखान्यात ती रोज रबर ताणून, त्यावर वीज सोडून तपासत असे. हे रबर फुगले होते, भिजलेल्या पावासारखे मऊ. आणि त्याला बोटीच्या इंजिनाच्या तेलाचा वास होता.

तेल सासूचे, कमळीचे. अर्नाळ्याच्या त्या घरात ती प्रत्येक वस्तूला तेल पाजत असे. दाराच्या कडीला, कुलपाला, कप्पीला. "खाऱ्या वाऱ्यात कोरडं राह्यलं ते तडकलं," हा तिचा धर्म. कल्पेशच्या जुन्या मोज्यांनाही ती वर्षानुवर्षे तेल चोळत आली. ते निओप्रीनचे होते, तेल सोसणारे. नव्या रबराचे मोजे क्षितिजानेच सुचवले होते. ऊन आणि वीज ते जुन्यांहून कितीतरी अधिक सोसत. तेल मात्र नाही. दोन्ही काळेच. दोन्ही एकाच खिळ्यावर टांगलेले.

गप्प राहता आले असते. परंतु त्या खिळ्यावर आता धाकट्या दिराचे, जितेशचे, तसेच नवे मोजे होते. तोही वायरमन. दिवसकार्य उरकले की तो कामावर जाणार होता, आणि त्याआधी कमळी तेलाची बाटली उघडणार होती.

क्षितिजाने कारखान्यातून नव्या रबराची एक पट्टी आणली, दुसरी कल्पेशच्या जुन्या मोज्यातून कापली, आणि दोन्ही सासूच्याच तेलात बुडवून ठेवल्या.

"घरात पन कारखाना मांडलास," कमळी म्हणाली. "कल्पेश असता तर हसला असता."

काही दिवसांनी क्षितिजाने पट्ट्या पुसून सासूच्या तळव्यावर ठेवल्या.

"ओढा, आई."

जुनी ताणली गेली आणि सुटताच मूळ लांबीला परतली. नवी, जाडसर झालेली, ओल्या बोंबलासारखी हातात तुटली.

"ही फुकट निघाली. कोनची?"

क्षितिजाने खिळ्याकडे पाहिले. कमळीनेही पाहिले.

"तेलानं?"

"तेलानं."

"मंग मीच."

"मी आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तरी मी लावलंच असतं," कमळी म्हणाली. "कारखान्याचं कोन ऐकतो."

जितेश कामावर निघाला त्या सकाळी त्याने मोजे खिळ्यावरून काढले आणि उलटसुलट करून पाहिले.

"दादाचे कसे चकचकीत करून द्यायचीस. माझेच कोरडे?"

कमळीने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"कोरडेच ने," ती म्हणाली.