नानांचा साडेचारचा हट्ट

मी बोलतोय, हेमराज नानांच्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर. बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, पण या यंत्रातला सगळा हिशेब-विचार माझ्याच डोक्यावर. आणि खरं सांगतो, या घरात मी पार मेटाकुटीला आलो.

जन्म परदेशातल्या कारखान्यात. तिथे धुळीचा कण दिसला तरी माणसं अस्वस्थ व्हायची. मग शिरपूरच्या एका कॉलेजात चार वर्षं काढली आणि तिथून धुळ्याला तौसिफच्या दुकानात आलो. तौसिफ जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकतो. हात हलका, बोलणं मोजकं. नानांनी मला तिथूनच जळगावला आणलं.

नाना धरणगावच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. कापसाचं यंत्र अडलं की लोक त्यांना जेवत्या ताटावरून उठवून न्यायचे. निवृत्त झाल्यावर उठवायला कुणी येईना. अशात त्यांनी एक व्हिडिओ पाहिला. प्रोसेसरला नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं म्हणे. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. माझा वेग साडेतीन गिगाहर्ट्झ. नानांना साडेचार हवा झाला.

कशाला? नाना माझ्यावर पेपर वाचत आणि पत्ते खेळत. राजावर राणी ठेवायला साडेतीनसुद्धा जास्तच.

तौसिफनं फोनवर बजावलं होतं, "नाना, वेग वाढवला की हा तापणार. थंड ठेवायचं सामान महाग येतं. त्यात तुमच्या जळगावचा मे महिना." नाना म्हणाले, सामान घरातच आहे.

तिथून माझे हाल सुरू झाले. माझ्या डोक्यावर धातूचा ठोकळा आणि त्यावर छोटा पंखा असतो. ठोकळ्याला माझी उष्णता नीट मिळावी म्हणून मध्ये एक पेस्ट लावतात. तौसिफनं दिलेली नळी नानांनी ठोकळा काढ-घाल करण्यातच संपवली आणि मग चक्क टूथपेस्ट लावली. चार दिवसांत तिचा खडू झाला. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून त्यांनी टेबलफॅन लावला, तर गल्लीतली सगळी धूळ आत आली. फार तापलो की मी आपोआप बंद पडतो, तशी सोय माझ्यात आहे. नानांना वाटायचं, मी अंगचोर आहे. शेवटी तौसिफनंच एसटीनं नवी नळी पाठवली.

तरी साडेचार टिकेना. मग नानांची नजर बैठकीतल्या कूलरवर गेली.

घरात कूलर एकच. दुपारी कोकिळाताई, म्हणजे नानांची बायको, त्याच्यासमोर तासभर पाठ टेकायच्या. नानांनी तो ढकलत माझ्या खोलीत आणला. ताई दारात येऊन म्हणाल्या, दुपारपुरता तरी तिकडे ठेवा. नाना म्हणाले, आजचा एक दिवस. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी बाहेर पंचेचाळीस अंश होते. ताई गच्चीवर कुरडया वाळत घालून खाली आल्या. इकडे नानांनी मला साडेचारवर चढवून तासाभराची चाचणी लावली. कूलरचा ओला वारा थेट अंगावर येत होता. मी थंड होतो. एकदाही अडखळलो नाही.

अर्ध्या तासानं नानांनी हाक मारली, "कोकिळा, बघ तर, टिकला!"

उत्तर आलं नाही. रुसली असेल, असं पुटपुटून नाना पडद्यावरच्या आकड्याकडे बघत बसले. तास पूर्ण झाल्यावरच उठले.

ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धवट उघडे. शेजाऱ्यांनी रिक्षातून दवाखान्यात नेलं. मी मात्र रिकाम्या घरात साडेचारच्या वेगानं चालूच होतो, कूलरच्या वाऱ्यात. इतर वेळी ऊठसूट बंद पडणारा मी, त्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत पडलो असतो, तर नाना वैतागून बाहेर तरी आले असते. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

तीन दिवस सलाइन लावून ताई घरी आल्या. नानांनी आधीच कूलर बैठकीत नेऊन ठेवला होता. ताईंनी एवढंच विचारलं, "तुमचं यंत्र थंड राहिलं ना?"

दुसऱ्या दिवशी नानांनी तौसिफला बोलावून माझा मूळ वेग परत लावून घेतला. त्याला दहा मिनिटं लागली. नंतर महिनाभर नाना माझ्याकडे फिरकले नाहीत.

परवा ताईच खोलीत आल्या. मुक्ताईनगरच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलायचं होतं. नानांनी जोडून दिलं आणि मागे उभे राहिले. बहिणीनं विचारलं, दवाखान्यात कशानं गेली होतीस?

"काही नाही वं बाई," ताई म्हणाल्या, "ऊन लागलं होतं जरासं."

पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नानांचा चेहरा दिसत होता. तो खाली झुकला, मग बाजूला वळला. समोरून बहीण म्हणाली, भाऊजी दिसेनात ते? ताईंनी मागे न बघता हात नेऊन नानांच्या सदऱ्याची बाही धरली आणि त्यांना पुढे ओढलं.

ही दोन माणसं मी मुक्ताईनगरला पोचवली, साडेतीनच्या वेगानं. चित्र कुठेही अडलं नाही. बाबांनो, मला एवढंच काम द्या.