उठलेली लस

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बायनाबाईनं आधी दाराकडं बघितलं, मग पदर सरकवून पोलक्याची बाही खांद्यापर्यंत वर केली.

“बघ चतुरे. माझी उठली.”

दंडावर सुई टोचलेल्या जागी आवळ्याएवढा फुगवटा आला होता. वरची कातडी ताणून चकचकीत झालेली, लाली कोपराकडं उतरलेली. चतुराबाईनं बोट लावलं आणि लगेच मागं घेतलं. दंड तव्यासारखा तापला होता.

“ताप हाय का, आक्का?”

“हाय की. चार दिस झाले. येनारच. घरात फोडनी बंद केलीय, दारावर लिंबाचा डहाळा बांधलाय. तुमी पाळलं तसंच पाळायलेय समदं. तुझ्या मालकाची तिसऱ्याच दिशी उठली, लय घाई झाली. माझी बघ, बरुबर आठव्या दिशी.”

चतुराबाईचं कपाळ उघडं होतं. तिच्या नवऱ्याला, आश्रुबाला, जाऊन सतरा दिवस झाले होते.

परभणीतल्या या खासगी दवाखान्यात महिन्यातून एकदा, मागच्या दारानं, सात माणसं यायची. कुणी झरीचं, कुणी मानवतचं, कुणी गंगाखेडकडचं. सातही जणांना एड्स होता. बाहेरगावचे एक मोठे डॉक्टर त्यांच्यावर नवी लस पारखून बघत होते. रोग होऊ नये म्हणून नव्हे, झालेला रोग अंगातच दबावा म्हणून. इंग्रजी कागदावर सगळ्यांचे अंगठे घेतले होते. कागदात काय आहे हे कुणी सांगितलं नाही. आश्रुबानं एकच गोष्ट विचारली होती.

“ही उठती का हो, देवीवानी?”

कंपाउंडर दत्तराव सुया उकळत होता. मान वर न करता म्हणाला, “उठली म्हणजे लागली समजा.”

एवढं पुरे होतं. लहानपणी देवी काढल्याचे वण या सातही जणांच्या दंडावर होते. टोचलेली जागा उठली की घरात आनंद व्हायचा, नाही उठली तर पोराला पुन्हा टोचायचे. उठलेल्या जागेला हात लावायचा नाही, औषध लावायचं नाही, नाहीतर देवीचा कोप होतो, हे सगळ्यांना आईच्या तोंडून ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या सुईनंतर आश्रुबाचा दंड फुगला तेव्हा नवराबायकोनं मारुतीपुढं नारळ फोडला. गावात सप्ताह चालू होता आणि आश्रुबा विणेकरी होता. सप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सुजलेला हात घेऊन तो आपल्या पहाऱ्याला उभा राहिला. बुवांनी नामाचा गजर धरला तेव्हा तापानं लाल झालेले डोळे मिटून असा नाचला, की बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्याला घातला. काल्याच्या दिवशी त्याची शुद्ध हरपली. देवानं त्याचं गाणं ऐकलं असेल; दंडाकडं बघायचं काम माणसांचं होतं.

बायनाबाईची दुसरी सुई विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमध्ये एस.टी. नसल्यानं चुकली होती. ती दत्तरावनं मागाहून दिली. आज ती दंड दाखवायला आली होती.

“चार नंबर गैरहजर,” आतून दत्तरावचा आवाज आला. “पाच नंबर, चला.”

चार नंबर आश्रुबाचा होता, पाच चतुराबाईचा. ती आत गेली आणि स्टुलावर न बसता टेबलापुढं उभी राहिली.

“चार नंबर गैरहजर न्हाई. मेलाय.”

डॉक्टरांनी रजिस्टरमधून मान वर केली. “वाईट झालं. पण बाई, हा आजारच तसा आहे.”

“आजारानं न्हाई. सुईची जागा पिकली, त्यातनं गेला. तसं लिहा.”

“डोस पूर्ण झाला नाही की आम्ही ‘सोडून गेले’ असं लिहितो. सगळ्यांसाठी एकच नियम.”

“कुठं सोडून गेला? इथंच तर येत व्हता.”

“दंड पिकला तेव्हा सरकारी दवाखान्यात का नाही नेलं? रस्त्यापलीकडं तर आहे. चिरा देऊन घाण काढली असती.”

चतुराबाईनं टेबलाची कड धरली.

“भायेर बायनाबाईचा दंड बघा,” ती म्हणाली. “तसाच झालाय.”

“बघू, नंबर येऊ द्या. थोडी सूज म्हणजे शरीर लढतंय. चांगलं लक्षण आहे.” डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. “बाही वर करा. तिसरी सुई चुकली तर आधीच्या दोन वाया.”

तिनं बाही वर केली नाही. स्टोव्हशेजारी उकळून ठेवलेल्या सुयांचा ट्रे होता. तो तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि कोपऱ्यातल्या मोरीत ओतला.

“ओ बाई,” दत्तराव म्हणाला. त्याचा चिमटा हातातच राहिला.

“उकळा आता परत. तवर कुनालाच टोचता येत न्हाई.”

बाहेर येऊन तिनं बायनाबाईचं मनगट धरलं. सातांतले एक, किशनराव, बाकावरून उठून आडवे आले. पांढऱ्या धोतरातला हा बागायतदार माणूस एरवी तिच्याशी बोलतही नसे.

“डाक्टर चिडला, यायचा बंद झाला, तर आमी कुठं जावं, चतुराबाई?”

ती त्यांना वळसा घालून निघाली. बायनाबाई ओढत, अडखळत, तिच्या मागं रस्त्यावर आली. पलीकडं सरकारी दवाखान्याचं फाटक होतं.

“सोड मला. तिथं कापतेत. उठलेल्या जागेला सुरी लावतेत का कुनी? मला मारायला काढलीस का?”

“चल.”

“समजलं मला. तुझी उठली न्हाई. मालकाची उठली, माझी उठली, तुझीच कोरडी. म्हनून जळायलीस माझ्यावर.”

चतुराबाई थांबली. मनगट सोडलं नाही. गहू भरलेली एक बैलगाडी दोघींच्या अंगावरनं गेल्यासारखी जवळून गेली.

“सरकारीत चल म्हनले व्हते मालक,” ती म्हणाली. “दोनदा म्हनले. चतुरे, सोसंना, चल. म्याच न्हाई नेलं. दाराला कडी घालून पुढं बसले. उठल्याली हाय, हात लावू नगा म्हनलं म्या. फुंकर बी घालू दिली न्हाई त्यांना.”

बायनाबाईची ओढाताण थांबली. मग तिनं दंडावरचा पदर दोन बोटांनी उचलून बाजूला केला; कापडाचा भारही सोसत नसावा.

“लय दुखायलंय, चतुरे,” ती म्हणाली.